हाळी खोटी होऊ द्यायची नाही

भोरला एसटी स्टँडच्या समोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. सातबारा, दाखले, कॉलेजचे फॉर्म, जे येईल त्याची प्रत काढून देते. मशीनच्या वरच्या फळीवर एक काचेचं मानचिन्ह आहे. गिऱ्हाईक सुट्टे पैसे काढता काढता वर बघतं आणि विचारतं, "हे कशाचं हो?"

"ऑडिओ डॉक्युमेंटरीचं."

"म्हणजे व्हिडिओ?"

म्हणजे व्हिडिओ नाही. चित्र नाही, नुसता आवाज. माणसं बोलतात, दारं वाजतात, जनावरं चालतात, आणि ते सगळं ओळीनं लावून आम्ही एक खरी गोष्ट सांगतो. "मग त्यात बघायचं काय?" असं पुढचं गिऱ्हाईक विचारतं. मी म्हणते, "काही नाही. डोळे मिटा आणि गप बसा." हे मी जरा जास्तच तोऱ्यात म्हणते, मला माहीत आहे. पण इतकी वर्षं लोकांनी वेड्यात काढल्यावर थोडा तोरा माझ्या वाट्याला यायलाच हवा. माझ्या सासूबाई तर पाहुण्यांना सांगायच्या, "आमची सून दुसऱ्याच्या म्हशी हंबरत्यात ते भरून आणती आन घरात कानाला लावून बसती. सैपाकाचं काय इचारू नका."

आम्ही म्हणजे दोघंच. मी आणि माझा धाकटा दीर. तो मार्गासनीला राहतो आणि दुधाचा टेम्पो चालवतो. रोज पहाटे निघतो, वेल्ह्यावरून पार पासलीपर्यंत जातो आणि थांबत थांबत दूध गोळा करत येतो. बारावीला दोनदा बसला आणि दोनदा आपटला, पण कान असा की कॅनवर टिचकी मारून आत दूध कुठवर आहे ते सांगतो. मी पहिल्यांदा रेकॉर्डर घेतला तेव्हा माइक धरायला माणूस शोधत होते. त्यानं धरला आणि अर्धा तास हात हलला नाही. त्या दिवसापासून प्रश्न मी विचारते, कापते-जोडते मी, आणि माइक त्याचा. माइकवर वाऱ्यासाठी केसाळ टोपी असते, तिला तो मांजर म्हणतो. "वहिनी, मांजर घेतलं का?" असं विचारल्याशिवाय टेम्पो सुरू होत नाही.

आमचा एकच नियम आहे. ज्याचा आवाज, त्याला आधी ऐकवायचं. तो "चालंल" म्हणाला तरच ते बाहेर जाणार. हा नियम कुठल्या पुस्तकात वाचलेला नाही. कुणाच्या दारात बसून त्याचं बोलणं भरून न्यायचं आणि त्याला न विचारता जगाला वाटायचं, हे मला चोरीसारखं वाटतं.

पासलीच्या वर डोंगरात धनगरांची चार-पाच घरं आहेत. टेम्पो तिथवर जात नाही. तिथल्या एक मावशी डोक्यावर दुधाची किटली घेऊन खाली रस्त्यावर येतात, तिथं दिराची आणि त्यांची ओळख. साठी कधीच ओलांडलेली, घरात एक सून आणि दारात चौदा म्हशी. दीर म्हणाला, "वहिनी, त्या बाईची हाळी एकदा ऐका. मी खाली रस्त्यावर असतो तरी पाय थांबतात."

दिवसभर म्हशी वरच्या माळावर चरतात. दिवस कलला की मावशी घरामागच्या खडकावर उभ्या राहतात आणि त्यांना बोलावतात. त्या हाळीला शब्द नाहीत. खालून उचललेला एक लांब सूर, मध्ये हिसका, आणि शेवट तोंडातच गिळलेला. एवढंच. मग थोडा वेळ काहीच होत नाही. मग लांबून गळ्यातल्या लाकडी लोढण्यांचा आवाज येतो आणि एकेक म्हैस उतरायला लागते. आलेल्या प्रत्येकीला मावशी तळहातावरून खडेमीठ चाटवतात. त्यासाठी त्यांच्या पदराला कायम एक गाठ असते.

पहिल्या दिवशी आम्ही भर दुपारी पोचलो. मी म्हटलं, "मावशी, एकदा हाळी देऊन दाखवा ना. आवाज किती भरतोय ते बघते."

"आत्ता? म्हशी चरत्यात की."

"नुसतं दाखवायला."

"हाळी दाखवाय नसती, बाई. बोलवाय असती."

मला वाटलं म्हातारी हटवादी आहे. मी पुन्हा विचारलं, आणि मग त्यांनी सांगितलं. मागं एका पावसाळ्यात गड बघायला आलेली पाच-सहा माणसं वाट चुकून त्यांच्या दारात आली होती. चहा प्यायली, गप्पा मारल्या आणि मोबाईल काढून म्हणाली, हाळी द्या. पाहुणे म्हणून मावशींनी दिली. म्हशी आल्या. माणसं हसली, म्हणाली अजून एकदा. मावशींनी म्हशींना माळावर हाकलून पुन्हा हाळी दिली. असं तीनदा झालं. मीठ घरात होतं, पण पाहुण्यांच्या नादात ते म्हशींना द्यायचं राहून गेलं.

"मंग दोन दिसांनी धुकं उतारलं," मावशी म्हणाल्या. "हातावरचं दिसंना. म्या हाळी दिली. समद्या आल्या, एक पहिलारू म्हस तेवढी आली न्हाई. आर्धा दीस बोलवत हुते. दुसऱ्या दिशी कड्याखाली घावली."

त्यांनी पदराची गाठ चाचपली. मग म्हणाल्या, "तिला वाटलं आसंल, म्हातारी पुन्यांदा खोटं बोलती. तवापासनं म्या खोटी हाळी देत न्हाई. कुणी का सांगना."

मी पुन्हा कधी विचारलं नाही. आम्ही संध्याकाळीच जायचो. दूध डेअरीत घालून, दुकानाचं शटर ओढून, दोघं डोंगर चढायचो. कधी वारा असायचा, कधी कुत्री मध्येच भुंकायची, कधी शेजारच्या घरात मोबाईलवर गाणी लागलेली असायची. अकराव्या संध्याकाळी हाळी जशी होती तशी मिळाली.

आणि मग मी माती खाल्ली.

घरी बसून सगळं जोडत होते. सुरुवात काही केल्या उठेना. सकाळी गोठ्याचं फाटक उघडतं, म्हशी बाहेर पडतात, शेणाचं घमेलं वाजतं, त्यात ओढून घेणारं काही नव्हतं. मी संध्याकाळची हाळी उचलली आणि सकाळच्या प्रसंगात लावली. काय सुरेख बसली! मी स्वतःवर इतकी खूश झाले की चहा करून प्यायले. कोण ओळखणार होतं?

नियमाप्रमाणे ऐकवायला वर गेलो. दुपारची वेळ होती, कारण दिराला संध्याकाळी लग्नाला जायचं होतं. अंगणात मोठा स्पीकर ठेवला, मावशी आणि सून उंबऱ्यावर बसल्या. हाळी वाजली आणि मावशींनी माझ्याकडं पाहिलं.

"ही सांजची हाय. सकाळच्या पारी तू कुनाला बोलावती?"

मी सारवासारव करायला लागले. सुरुवात जरा उठावदार हवी, ऐकणाऱ्याला काय कळतंय, असलं काहीबाही. तेवढ्यात दिरानं मान वर केली.

"वहिनी, हा लोढण्यांचा आवाज आपल्यातला नाही."

मी स्पीकर बंद केला. आवाज चालूच होता. वरच्या माळावरून, भर उन्हात, चरणं सोडून म्हशी खाली येत होत्या.

खरं सांगते, माझ्या आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. जे त्या बाईनं एक म्हैस गमावून सोडलं होतं, ते मी तिच्याच दारात, तिच्याच आवाजात, स्पीकर लावून केलं होतं. दीर तोंड फिरवून उभा राहिला. मला वाटलं, मावशी आता चार शिव्या देतील आणि हाकलून लावतील. देतील तर बरं, असंही वाटलं.

मावशी उठल्या. खडकाजवळ गेल्या, पदराची गाठ सोडली आणि येईल त्या म्हशीपुढं हात धरत राहिल्या. गाठीतलं मीठ संपलं तेव्हा सुनेनं घरातली बरणी आणून दिली. चौदाच्या चौदा म्हशींनी मीठ चाटलं, उन्हात जरा घुटमळल्या आणि परत माळाकडं वळल्या. मावशींनी हात लुगड्याला पुसला.

"आता खरी झाली," त्या म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "रडू नगं. पर ती तिथनं काड."

मी ती काढली. सुरुवात पुन्हा घमेल्याच्या आवाजानं केली, बसली तर बसली. आणि शेवटी जे लावलं ते त्या दुपारचं होतं, कारण दिरानं सवयीनं रेकॉर्डर चालू ठेवला होता. माझी सारवासारव, त्याचं "आपल्यातला नाही", म्हशींचे खूर, मावशींचं "आता खरी झाली". माझी सगळी अब्रू त्यात आहे. तरीही मावशींना ऐकवलं आणि त्या म्हणाल्या, "व्हय, ह्ये चालंल." या वेळी संध्याकाळी ऐकवलं, आणि हेडफोन लावून.

आमच्या या डॉक्युमेंटरीला बक्षीस जाहीर झालं. पुण्याची एक संस्था दरवर्षी ऑडिओ डॉक्युमेंटरी करणाऱ्यांचा गौरव करते. यंदा कार्यक्रम भोरला, कॉलेजच्या सभागृहात होता. आठ दिवस आधी निवेदकाचा फोन आला. आवाज गोड, बोलणं घाईचं.

"ताई, त्या आजींना नक्की आणा. स्टेजवर लाइव्ह हाळी ठेवूया. काय मजा येईल!"

मी म्हटलं, नाही.

"अहो, दोनच मिनिटं."

मी म्हटलं, "तुम्ही आमची डॉक्युमेंटरी शेवटपर्यंत ऐकलीय का?"

"ऐकली ना! फारच हृद्य आहे."

मी तिसऱ्यांदा नाही म्हटलं तेव्हा तो "बरं बरं" म्हणाला. मी वर जाऊन मावशींना आमंत्रण दिलं. त्यांनी एकच विचारलं, "हाळी मागायची न्हाईत ना कुनी?"

"नाही मावशी. माझा शब्द."

कार्यक्रमाच्या दिवशी दिरानं टेम्पोतले कॅन उतरवले, टेम्पो धुतला, पुढच्या सीटवर नवी चादर घातली. मावशी पासलीहून मार्गासनी, नसरापूर, कापूरहोळ करत भोरला आल्या. हिरवं लुगडं, कपाळाला ठसठशीत कुंकवासारखं गोंदण, पदराला गाठ. सभागृहाच्या दारात त्यांनी चपला काढून हातात घेतल्या. मी म्हटलं, "मावशी, घाला, इथं कुणी काढत नाही." त्या म्हणाल्या, "मंग ह्यो काय बाजार हाय व्हय, चपला घालून शिरायला?"

आत आमच्यासारखीच वेडी माणसं जमली होती. एका बाईनं वडिलांचा हातमाग बंद पडायच्या आधीचे सगळे दिवस रेकॉर्ड केले होते. दोन मित्रांनी विहिरी खोदणाऱ्यांच्या सोबत खाली उतरून काम केलं होतं. एक नर्स होती, तिनं रुग्णांच्या नातेवाइकांनी बाकावर काढलेल्या रात्री भरून आणल्या होत्या. आम्ही एकमेकांची कामं ऐकलेली, पण चेहरे कधी पाहिले नव्हते. कुणी बोललं की मागं वळून "अरे, तुम्हीच ते!" असं चाललं होतं. मला फार बरं वाटलं. इतकी वर्षं मी एकटीच डोकं फिरलेली आहे असं समजत होते.

प्रमुख पाहुणे म्हणाले, व्हिडिओच्या या जमान्यात ही मंडळी आवाजाला चिकटून बसली आहेत, हे कौतुकास्पद आहे. आजाऱ्याला पेज पाजताना बोलावं, तशा सुरात म्हणाले. हातमागवाल्या बाईंनी माझ्याकडं पाहिलं, मी त्यांच्याकडं. आम्हाला दया नको होती. आम्ही चिकटून बसलेलो नाही, आम्ही हे निवडलंय. डोळ्याला न आवडलेलं माणूस नजरेआड करतं. आवाज मात्र कानात शिरल्यावरच कळतो आवडला की नाही. म्हणून त्यात लबाडी करायची तर चारदा विचार करावा लागतो, आणि हे मी अनुभवानं सांगते.

आमचं नाव पुकारलं. आम्ही तिघंही वर गेलो. मानचिन्ह माझ्या हातात आलं, टाळ्या झाल्या, आणि तो निवेदक माइक घेऊन पुढं सरसावला.

"आणि आता मंडळी, ज्याची आपण वाट बघतोय! आजींच्या तोंडून, लाइव्ह, डोंगरातली हाळी! जोरदार टाळ्या!"

टाळ्या सुरू झाल्या. मावशींनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही, नुसतं पाहिलं. अंगणात पाहिलं होतं तसंच.

माझं डोकं फिरलं. मी त्याच्या हातातून माइक घेतला. घेतला म्हणजे ओढलाच.

"हाळी होणार नाही," मी म्हटलं. "मी फोनवर तीनदा सांगितलं होतं."

तो हसून प्रेक्षकांना म्हणाला, "ताई जरा लाजतायत."

"मी लाजत नाही, मी चिडलेय. आणि तुम्ही आमचं काम ऐकलेलं नाही. ऐकलं असतं तर ही हाळी मागितली नसती. डोंगरातली बाई दिसली की तिनं काहीतरी करून दाखवायचं, असं ठरलंय का? तुम्ही इथं आलात तेव्हा तुम्हाला कुणी नाचायला सांगितलं?"

पहिल्या रांगेतली माणसं खुर्चीत सावरून बसली. प्रमुख पाहुण्यांनी चष्मा काढला. मी मानचिन्ह टेबलावर ठेवलं. "याच्या बदल्यात हाळी असेल तर हे तुमच्याजवळच ठेवा. आम्ही निघालो."

दीर माझ्याआधी जिन्याकडं वळला होता. टेम्पोची किल्ली त्याच्या हातात आलीसुद्धा होती. मावशी मात्र हलल्या नाहीत. त्यांनी माझं मनगट धरलं.

"थांब," त्या म्हणाल्या, आणि निवेदकाकडं वळल्या. "कुनाला देऊ हाळी?"

त्याला वाटलं आपलं काम झालं. "सगळ्यांना द्या आजी! हे सगळे तुमचेच!"

"समदी येतील?"

"येतील की! का नाही येणार!" उचलली जीभ लावली टाळ्याला.

"तू म्हनला बरं का," मावशी म्हणाल्या. त्यांनी माइक नाकारला. स्टेजच्या कडेला गेल्या, उजवा हात कानामागं नेला आणि हाळी दिली.

ती हाळी मी शंभरदा ऐकली आहे. कापली आहे, मोजली आहे, तिचा आकार संगणकावर पाहिला आहे. पण ती कधी माझ्यासाठी नव्हती. त्या सभागृहात ती पहिल्यांदा माझ्या दिशेनं आली आणि माझे पाय आपोआप पुढं सरकले.

खाली टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक उभे राहिले, मोबाईल वर झाले, कुणी शिटी मारली. मावशी तशाच उभ्या. टाळ्या ओसरल्या. लोक खाली बसले. मावशी उभ्याच. निवेदक पुढं होऊन "धन्यवाद आजी" म्हणायला लागला, तशा त्या त्याच्याकडं न बघता लोकांना म्हणाल्या,

"वाजवाय न्हाई बोलावलं. या."

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. मावशींनी पदराची गाठ सोडली आणि तळहात पुढं धरला. वरचा पंखा फिरत होता तेवढाच आवाज. त्या बाईनं हाळी दिली होती आणि सभागृहातलं एक माणूस जागचं हलत नव्हतं. मला ते धुकं आठवलं.

पहिला माझा दीर आला. जिन्यावरून परत फिरला, मावशींपुढं उभा राहिला आणि हात पुढं केला. त्यांनी त्याच्या हातावर मिठाचा खडा ठेवला. त्यानं तो तोंडात टाकला. मग मी. मग हातमागवाल्या बाई रांगेतून वाट काढत वर आल्या. विहिरीवाले दोघं आले, नर्स आली. मग मागच्या रांगांतल्या खुर्च्या वाजायला लागल्या. चपला घासत, खोकत, एकमेकांना "चला" म्हणत माणसं जिना चढायला लागली. मी डोळे मिटले. तो आवाज मला ओळखीचा होता.

मीठ पन्नासेक जणांनंतर संपलं. प्रमुख पाहुण्यांना मिळालं, निवेदकाला नाही. तो माइक हातात धरून रांगेच्या शेवटी उभा होता आणि त्याचा चेहरा उतरला होता. मावशींनी रिकामा पदर त्याला झटकून दाखवला.

"उरल्याल्यांनी वर डोंगरात या, माझ्या दारात," त्या सगळ्यांना म्हणाल्या. मग त्याला म्हणाल्या, "तुला तर यायलाच लागंल. हाळी तू मागितली व्हतीस."

मानचिन्ह मी टेबलावरच विसरले होते. दुसऱ्या दिवशी संस्थेचा माणूस ते दुकानात आणून देऊन गेला, आणि मी माफी मागितली नाही. त्यानं मागितली.

महिन्याभरानं एका रविवारी रात्री दिराचा फोन आला. "वहिनी, तो निवेदक आला होता. सकाळच्या एसटीनं. पासलीपासून चालत गेला वर." मला खरं वाटेना. दीर म्हणाला, तो तिथं पोचला तेव्हा मावशी माळावर होत्या. सुनेनं पाणी दिलं, भाकरी दिली. मावशी आल्यावर त्यानं खिशातून हात काढून पुढं केला, तर त्या म्हणाल्या, "आत्ता न्हाई. येळ झाली की."

तो संध्याकाळपर्यंत दारात बसून राहिला. दिवस कलला तशी मावशींनी खडकावरून हाळी दिली. म्हशी उतरल्या, आणि त्यांच्यामागून तोही उठून खडकाकडं गेला. मावशींनी आधी चौदा म्हशींना मीठ दिलं, मग त्याला.